दामाजीपंतांचे कोठार आणि हुरड्याचा दर

अन्न विकावे की न विकावे, हा प्रश्न ज्या देशातील शास्त्रकारांनी एकेकाळी अत्यंत गंभीरपणे विचारात घेतला, त्याच देशातील शेतकरी आज आपल्या शेताच्या वाटेवर फलक लावून माणशी ठरावीक रकमेत हुरडा, पिठले-भाकरी, बैलगाडीची फेरी आणि आंब्याखालची विश्रांती देऊ करतो, व शहरातील कुटुंबे आगाऊ पैसे भरून रविवारी सकाळी तेथे जाऊन पोचतात, ही घटना पर्यटन खात्याच्या दफ्तरात नोंदवून सोडून देण्याइतकी साधी नाही. तिचा आर्थिक विचार पुष्कळांनी केला आहे आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु दारी आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेताना ज्या शेतकऱ्याचा हात अजूनही किंचित अडखळतो, त्याच्या त्या अडखळण्यात जो धर्मविचार दडलेला आहे, त्याची चौकशी फारशी कोणी केलेली दिसत नाही. ती करावी, असे मला मनापासून वाटते. कारण हा संकोच मागासलेपणाचा आहे असे समजून शेतकऱ्याने तो टाकून द्यावा, असा उपदेश करणारे लोक अलीकडे वाढले आहेत, आणि तो टाकून दिल्याने काय गमावले जाईल हे सांगणारे मात्र विरळ आहेत.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी आहे. बारामतीजवळ पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात कृषी पर्यटनाचे केंद्र उभे करून इतर शेतकऱ्यांनाही या वाटेवर आणले, आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून अशा केंद्रांच्या रीतसर नोंदणीची सोय केली. कोकणात आंबा-काजूच्या बागा, नाशिककडे द्राक्षमळे, आणि देशावर, विशेषतः सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांच्या ज्वारीच्या पट्ट्यात, हुरडा असे या व्यवसायाचे स्वरूप प्रदेशाप्रमाणे निरनिराळे झाले आहे. मी येथे हुरड्याविषयीच लिहिणार आहे आणि तेही मंगळवेढ्याच्या रानातील हुरड्याविषयी. कारण माझ्या प्रश्नाला त्या भूमीत जितके जुने आणि जितके खोल उत्तर मिळते, तितके अन्यत्र मिळणार नाही.

मंगळवेढ्याची जमीन काळी, भारी आणि ओल धरून ठेवणारी. पावसाळा सरता सरता तीत शाळू पेरला, की पुढे पाण्याची पाळी न देताही केवळ जमिनीच्या पोटातील ओलीवर आणि थंडीतील दहिवरावर तो वाढतो. मालदांडीची ही टपोरी, मोत्यासारखी ज्वारी इतकी नामांकित, की २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. कणीस भरून दाण्यात चीक धरला आणि तो पुरता कडक होण्यास अवकाश आहे, अशा आठ-दहा दिवसांच्या बेताच्या अवधीत हुरडा होतो. शेतात वीतभर खोल खड्डा घेऊन त्यात गोवऱ्या पेटवितात, ज्वाळा बसून निखाऱ्यावर राखेची साय धरली म्हणजे ताजी कणसे त्या आगटीत दांड्याकडून धरून खुपसतात, आणि कोवळ्या दाण्याचा गोडसर करपट वास सुटला की बाहेर काढून हाताला सोसवेल न सोसवेल तोच चोळावयास घेतात. चोळणाराचे तळवे काळे होतात, चटके बसतात, कूस उडून डोळ्यांत जाते. सुपात पाखडून जो हिरवा, मऊ, वाफाळलेला दाणा खाणाराच्या पुढ्यात येतो, त्याच्याबरोबर लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि घट्ट दही असले की दुसरे काही लागत नाही. तो तेथेच, त्याच घटकेला खावा लागतो. शहरातील घरी नेलेला हुरडा हा वेगळाच पदार्थ असतो, आणि म्हणूनच खाणाराला शेतापर्यंत यावे लागते.

हा हुरडा पूर्वी विकला जात नसे. सोयरे, स्नेही, गावातील शिक्षक, तलाठी, वाटेने जाणारा अनोळखी पांथस्थ, यांना हाक मारून बसविले जाई, आणि न बसता पुढे जाणाराविषयी शेतकऱ्याला खरोखर वाईट वाटे. या देण्यामागे जी श्रद्धा होती तिचे मूळ पुष्कळ मागे जाते. तैत्तिरीय उपनिषदातील भृगू तपाने ब्रह्माचा शोध घेतो, तेव्हा त्याच्या हाती प्रथम लागते ते अन्न. पुढे अन्नाच्याही पलीकडील पायऱ्या त्याला दिसतात, तथापि ते प्रकरण संपता संपता उपनिषत्कार पुन्हा अन्नाकडे परततात आणि अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ पिकवावे, आणि आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, अशी व्रते सांगतात. ब्रह्मज्ञानाच्या शिखरावरून खाली पाहताना ऋषीला शेत आणि दार दिसावे, यात या संस्कृतीचे मर्म आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायानेही केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्याला पापाचा धनी ठरविले आहे.

विक्रयाविषयी शास्त्र काय म्हणते, तेही पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी व्यापारावर उदरनिर्वाह करण्याची पाळी आलेल्या ब्राह्मण-क्षत्रियांनी कोणत्या जिनसा विकू नयेत याची एक लांब यादी आहे, आणि तीत शिजविलेल्या अन्नाचा उल्लेख आहे. त्या ग्रंथातील वर्णव्यवस्थेला आज कोणीही विवेकी मनुष्य मान देणार नाही. पण शिजविलेले अन्न त्या यादीत का घातले गेले असावे, याचा विचार करण्यास हरकत नाही. माझी समजूत अशी आहे, की धान्य ही जिन्नस आहे, तिचे माप घेता येते, तिचा भाव ठरतो. परंतु तिला घरातील अग्नीचा स्पर्श झाला की ती त्या कुटुंबाच्या यज्ञाचा भाग होते, आणि यज्ञात हिस्सेदार असतात, गिऱ्हाईक नसते. हुरडा या दोहोंच्या बरोबर सीमेवर उभा आहे. तो कोठारात भरावयाचे धान्य झालेला नाही आणि चुलीवरचे अन्नही नाही. उभ्या पिकातूनच तो अग्नीला भेटतो. त्यामुळे ज्वारीची पोती बाजार समितीत निःसंकोच विकणारा शेतकरी हुरड्याचे पैसे मागताना चाचरला, तर त्यात अज्ञान नाही. एक फार प्राचीन विवेक आहे.

तथापि एवढ्यावर थांबून हुरड्याची विक्री हा धर्माचा ऱ्हास होय असा निकाल देणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते का, हे मंगळवेढ्याच्याच एका कथेवरून सांगतो. बहामनी अमलात दामाजीपंत मंगळवेढ्यास सरकारी अंमलदार होते आणि धान्याची कोठारे त्यांच्या स्वाधीन होती. घोर दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करीत दारी येऊ लागली, तेव्हा त्यांनी बादशहाचा हुकूम येण्याची वाट न पाहता कोठारे उघडून रयतेस धान्य वाटले. बेदरला चुगली गेली, पंतांना पकडून आणण्याचे फर्मान सुटले, आणि ते वाटेत असतानाच विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात जाऊन धान्याची सगळी किंमत मोजून दिली व रसीद घेतली. ती रसीद पुढे पंतांना गीतेच्या पोथीत सापडली. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे आणि महाराष्ट्राच्या गावोगावी कीर्तनकारांनी ती इतक्या वेळा सांगितली आहे, की तिच्यातील एक विलक्षण गोष्ट आपल्या नजरेआड झाली आहे.

ती गोष्ट म्हणजे रसीद. देवाला चमत्कारच करावयाचा होता, तर कोठारे रातोरात पुन्हा भरून टाकता आली असती, बादशहाची मती पालटता आली असती, पंतांच्या बेड्या गळून पडल्या असत्या. कथा यांपैकी काही करीत नाही. ती धान्याची किंमत मान्य करते, ती दमडीन् दमडी सरकारजमा करविते आणि जमा झाल्याचा कागद हाती ठेवते. लोकमानसाने रचलेल्या या कथेत हिशेबाविषयी तुच्छता मुळीच नाही. जे धान्य पंतांनी दिले ते दुसऱ्याच्या मालकीचे होते, त्यामागे पिकविणाऱ्यांचे कष्ट होते, महसुलाचा दाखला होता, आणि ते दान झाले म्हणून त्याचे मोल नाहीसे झाले नाही. मात्र ते मोल चुकते होईपर्यंत भुकेल्याला थांबवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. प्रथम भूक भागेल, मग हिशेब होईल, असा क्रम त्या कथेने लावून दिला. दान आणि दाम यांचे वैर असते, ही आपली समजूत कीर्तनकारांपेक्षा आपणच अधिक घट्ट धरून बसलो आहोत.

आता हा क्रम हुरड्याच्या शेताला लावून पाहू. तेथे पैसे आधी भरावे लागतात आणि खाणे नंतर होते, म्हणजे क्रम उलटला आहे. पण मोटारीतून उतरणारे कुटुंब भुकेने व्याकूळ होऊन आलेले नसते. सकाळची न्याहारी करूनच ते निघालेले असते. अतिथिधर्माची जी कठोर आज्ञा आहे ती आर्तासाठी, वाट चुकलेल्यासाठी, ज्याला दुसरा आसरा नाही त्याच्यासाठी आहे. ज्याच्यापाशी घर, अन्न आणि द्रव्य हे तिन्ही आहे, त्याने त्या आज्ञेचा आधार घेऊन शेतकऱ्याच्या पानावर फुकट हक्क सांगावा, हे कोणत्याही धर्माने मान्य केलेले नाही.

मग तो कशासाठी येतो? मला वाटते, तो पाहुणा आणि गिऱ्हाईक या दोन्ही नात्यांत न बसणारा तिसराच कोणी आहे. पुण्यामुंबईच्या या रहिवाशांपैकी कित्येकांचे आजे-पणजे शेत सोडून गिरणीत, रेल्वेत, कचेरीत गेले. १९७२च्या दुष्काळात, रोजगार हमीच्या खडीवर दिवस काढून आणि सरकारी दुकानातील मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाऊन ज्यांनी अखेर गाव सोडले, त्यांचीही मुले-नातवंडे या गर्दीत असतात. सातबाऱ्यावरील त्यांचे नाव कधीच निघून गेले आहे, पण ज्या रानाने त्यांच्या वाडवडिलांना पोसले त्याचे काही देणे अजून फिटलेले नाही, अशी अस्पष्ट जाणीव त्यांना त्या बांधावर घेऊन येते. आपल्या परंपरेने मनुष्याला जन्मतः ऋणी मानले आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण तिने मोजले. नगरवासीयाच्या माथी आज भूमीचे ऋण आहे, आणि शेतमालाचा भाव पडला म्हणजे स्वस्ताईचा आनंद मानणाऱ्या आपणा सर्वांवर त्याचे व्याज चढत चालले आहे. हुरड्याचा दर त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता समजून जो भरील, त्याला तो जड वाटणार नाही.

येथून पुढे मला जे सुचते ते असे, की यजमानाचा धर्म देण्याचा आहे आणि येणाराचा धर्म चुकते करण्याचा आहे, आणि प्रत्येकाने आपापला धर्म स्वतःला लावून घ्यावा. सारा बिघाड होतो तो माणसे दुसऱ्याला त्याचा धर्म शिकवू लागली म्हणजे. 'खेड्यातील माणसे मनाने मोठी, ती पैशाचे काय घेऊन बसतात', असे म्हणून घासाघीस करणारा नागरिक शेतकऱ्याच्या औदार्यावर स्वतःचा लोभ पोसत असतो. आणि 'पैसे मोजलेत ना, मग वेळ संपली, उठा' असे सांगणारा शेतकरी पाहुण्याच्या धर्मावर बोट ठेवून स्वतःचा गमावून बसतो. दोहोंपैकी दुसरा प्रकार मला अधिक दुःख देतो, कारण शेतकऱ्यापाशी गमावण्यासारखे अधिक आहे.

पैशाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती जुन्या आतिथ्याच्या गुणगानात नेहमी झाकली जाते. ते आतिथ्य सर्वांसाठी नव्हते. याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालले असता ते कोसळून त्याखाली चोखोबा गेले, ते साल १३३८. ज्या गावाचे कूस बांधण्यासाठी त्यांचे हात चालत होते, त्या गावाच्या पंगतीत त्यांना स्थान नव्हते. पांथस्थाला हाक मारण्यापूर्वी त्याची जात डोळ्यांनी अजमावली जाई आणि कोणाला ओटीवर, कोणाला अंगणात, कोणाला ओंजळीत वरून, असे देण्याचे प्रकार ठरलेले होते. विठोबाला रसीद आणण्यासाठी विठू महार व्हावे लागले, यात कथाकारांनी गावाच्या या विवेकशून्यतेला दिलेले उत्तर आहे. आज आगाऊ रक्कम भरून येणाराला शेतकरी जात विचारीत नाही, एकाच सतरंजीवर सारे बसतात आणि एकाच सुपातला हुरडा खातात. हे काम संतांच्या शिकवणीने पुरतेपणी झाले नाही, ते काही अंशी दराच्या फलकाने केले, ही गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

परंतु याच शेतात एक माणूस असा असतो, ज्याच्याकडे ना दान पोचते, ना दाम पुरेसा पोचतो. चुलीपाशी बसलेली भाकरी थापणारी बाई पाहा. सकाळपासून धुरात बसून ती भाकरीमागून भाकरी काढते, पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकते, उलटते, निखाऱ्याला लावून फुगविते. शहरातून आलेली मंडळी कौतुकाने तिची छायाचित्रे घेतात, आणि तिचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. पुष्कळदा ती त्या घरची सून नसून रोजाने आलेली मजूर असते. अनुभव म्हणून जो विकला जातो, त्यातला मोठा भाग तिच्या पाठीचा आणि डोळ्यांचा असतो. गाडगेमहाराज गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडीत, आणि मग आपल्या गाडग्यात भाकरी घेत. श्रमाआधी घास नको, हा त्यांचा दंडक होता. शेतीचा अनुभव घेण्यास आलेल्यांना बैलगाडीत मिरविण्याऐवजी घटकाभर कणसे चोळावयास बसवावे, त्यांचे तळवे काळे होऊ द्यावेत, शाळूची चार ताटे मुळासकट उपटून पाहण्यास सांगावे. काळ्या रानातील ज्वारी उपटताना कंबरेचे काय होते हे ज्याला एकदा कळले, तो बाजारात ज्वारीच्या भावाविषयी वेगळ्या सुरात बोलेल, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या रोजाची चौकशीही करील. हल्ली ज्वारीचे क्षेत्र आटत चालले आहे, त्याचे एक कारण हे उपटणी-काढणीचे कष्ट आणि त्यांना न मिळणारे मोल हेच आहे.

आणि सगळेच दराखाली यावे काय? लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते, त्या दिवशी शहरे ओस पडतात, सरकारी कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते, आणि शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा झाल्यावर भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर यांची पंगत बसते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहाने नेतो. रस्त्याने जाणाराला उभे करून आंबिलीचे भांडे हाती देतात. त्या दिवसाचा दर कोणी ठरविलेला माझ्या ऐकिवात नाही, आणि ठरू नये अशी माझी तळमळ आहे. पर्यटनाच्या हौसेने उद्या कोणी येळवसीचीही तिकिटे काढली, तर त्यातून मिळणारे उत्पन्न त्या प्रदेशाला फार महाग पडेल. कारण वर्षातून एक दिवस तरी शेतकरी पूर्णपणे दाता असतो, या आधारावरच उरलेल्या दिवसांत त्याने दर घेणे शोभते. खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा, देवाचा, भिक्षेकऱ्याचा आणि पाखरांचा वाटा निघाल्याशिवाय मालक धान्य घरी नेत नसे. ती वहिवाट बलुतेदारीच्या जाचासकट गेली हे ठीक झाले, पण वाटा काढण्याची कल्पनाच तिच्याबरोबर जाऊ नये.

या दृष्टीने मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांपुढे दरवर्षी एक प्रत्यक्ष प्रसंग येतो. पंढरपूर येथून पंचविसेक किलोमीटरवर. माघ शुद्ध एकादशीच्या वारीला पायी निघालेले वारकरी तिकडच्या वाटांनी जातात, आणि मागास पेरलेल्या रानांत त्याच सुमारास हुरडा चालू असतो. एका बाजूला पैसे भरून आलेली कुटुंबे आगटीभोवती बसली आहेत आणि कुंपणाबाहेरून टाळ वाजवीत दिंडी चालली आहे, अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे? दिंडीला आत बोलवावे, तर पैसे भरणारा विचारील की आम्हालाच भुर्दंड का. न बोलवावे, तर पिढ्यान् पिढ्यांची रीत मोडते. माझे मत असे, की वारीच्या त्या चार दिवसांत येणाऱ्या वैष्णवांच्या हुरड्याचा खर्च शेतकऱ्याने दर ठरवितानाच हिशेबात धरावा, तो धरला असल्याचे फलकावर स्वच्छ अक्षरांत लिहावे, कुंपणाचे फाटक उघडे ठेवावे आणि दोघांनाही एकाच आगटीपाशी बसवावे. ज्याला हा वाढीव दर मान्य नसेल त्याने दुसरा आठवडा निवडावा. आणि शहरातून आलेल्या एखाद्या मुलाने शेजारी बसलेल्या वारकरीबुवांना 'तुम्ही किती पैसे भरले?' असे विचारलेच, तर उत्तर शेतकऱ्याने देऊ नये. ते त्या मुलाच्या आईवडिलांनी द्यावे, आणि त्यासाठी फलक आधी नीट वाचलेला असावा.